टाइम ट्रायल: वाऱ्याला चुकवणारी, तरी शेवटपर्यंत टिकणारी बैठक कशी बसवावी?

ढांगटांग
साध्या रोड बाइकला क्लिप-ऑन एरोबार (हँडलवर आवळायचे, कोपरं टेकून पुढे झोपायचे दांडे) लावून ४० किमीच्या टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाशी स्पर्धा, थोडक्यात टीटी) तयारी चालू आहे. रस्ता सपाट, वळणं मोजकी. अडचणी तीन:

१. एरोबारवर झोपलं की सॅडलवरून पुढे घसरायला होतं. दर दोन-तीन मिनिटांनी ढुंगण मागे ओढून घ्यावं लागतं.
२. वीसेक मिनिटांत मान आणि दोन खांद्यांमधला भाग भरून येतो.
३. धाप तेवढीच, पण पॉवर हूड्सपेक्षा (ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून बसण्यापेक्षा) १५ ते २० वॅट कमी.

मापं: सीट ट्यूब (सॅडलखालची फ्रेमची नळी) ७३ अंश, बीबीच्या (क्रँकच्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत ७५ सेमी, सीटपोस्ट (सॅडलचा दांडा) मागे वाकलेला, सॅडल रेल्सच्या (त्याच्या खालच्या दोन सळयांच्या) मध्यावर, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) ११० मिमी, क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ मिमी. सॅडलपासून पॅडपर्यंतचा (कोपर टेकायच्या गादीपर्यंतचा) उतार, म्हणजे उंचीतला फरक, १२ सेमी.

आधी काय हलवायचं? आणि खाली जाण्याला मर्यादा कुठे घालायची?

रिकामाबिडा
रुमाल टाकून ठेवतो. खुर्चीत रेलून वाचतोय, अवरोध भरपूर.

पाणसळ
ढांगटांग, तीन अडचणी लिहिल्यात, पण मूळ एकच आहे: सॅडल मागे आहे.

७३ अंशांची सीट ट्यूब हूड्सवर बसण्यासाठी असते. तिथून धड खाली नेलं की मांडी आणि पोट यांच्यातला कोन मिटतो. पाय वर येतो तेव्हा मांडी पोटात घुसते, श्वास अडतो, खुब्याचे स्नायू अवघडल्या अवस्थेत जोर लावतात, म्हणून पॉवर पडते. हा कोन पुन्हा उघडायला शरीर आपणहून पुढे सरकतं. तुम्ही त्याला घसरणं म्हणताय. शरीर आपली जागा शोधतंय आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी त्याला परत चुकीच्या जागी बसवताय.

टीटीची बैठक म्हणजे रोडची बैठक वाकवलेली नव्हे. अख्खा माणूस बीबीभोवती पुढे फिरवायचा. पाय, खुबा, धड यांचे आपसातले कोन जवळपास तेच राहतात, फक्त सगळी आकृती पुढे कलते. म्हणूनच टीटी सायकलींची सीट ट्यूब ७६ ते ८० अंशांच्या घरात असते.

तुमच्या सायकलवर: सरळ सीटपोस्ट घातला की दोनेक सेमी मिळतात, सॅडल रेल्सवर पुढे ढकलला की आणखी दोन. चार सेमी पुढे म्हणजे जवळपास ७६ अंश झाले. रेल्सवर छापलेल्या खुणांच्या पलीकडे मात्र नेऊ नका, रेल वाकते किंवा तुटते.

यात हमखास होणारी चूक: सॅडल पुढे नेला आणि उंची तशीच ठेवली. पुढे गेल्यावर बीबीपासूनचं अंतर कमी होतं. दर सेंटिमीटरमागे साधारण ३ मिमी वर उचला. चार सेमीला सव्वा सेमी. नाहीतर गुडघा जास्त वाकलेला राहतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं.

अर्धाअंश
+१. फक्त एक भर. सॅडलच्या नाकाला ओळंबा लावून मागचं-पुढचं अंतर मोजतात ते एकाच सॅडलपुरतं ठीक. सॅडल बदलला, विशेषतः नाक छाटलेला किंवा दुभंगलेला घेतला, की ते माप निरुपयोगी. बसायची जागा, म्हणजे जिथे सॅडलची रुंदी ८ सेमी होते ती रेघ, तिथून मोजा.

वॅटमोजणी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो, कारण 'जितकं खाली तितकं वेगवान' हा समज मोडायला दुसरा उपाय नाही.

सीडीए म्हणजे समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा अवरोध गुणांक, एकक चौरस मीटर. ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकावर हात असताना) ०.३० च्या आसपास, हूड्सवर ०.३२ ते ०.३५, चांगल्या हौशी टीटी बैठकीत ०.२५ च्या मागेपुढे. हवेची घनता १.२, सायकलसकट वजन ८० किलो, टायरचा घर्षण गुणांक ०.००४ आणि चेनमध्ये अडीच टक्के नुकसान धरून सपाट, वारा नसलेल्या रस्त्यावर ४० किमीला लागणारा वेळ असा:

सीडीए ०.३०, २५० वॅट: ६३ मिनिटं १५ सेकंद
सीडीए ०.२५, २५० वॅट: ५९ मिनिटं ४५ सेकंद
सीडीए ०.२५, २३५ वॅट: ६१ मिनिटं ५ सेकंद
सीडीए ०.२३५, २१५ वॅट: ६१ मिनिटं ५५ सेकंद

पहिली आणि तिसरी ओळ बघा. १५ वॅट गमावूनही ड्रॉप्सपेक्षा दोन मिनिटं आधी पोचता. म्हणजे पॉवर थोडी पडली म्हणून बैठक वाईट ठरत नाही. आता चौथी. आणखी खाली गेलात, सीडीए ०.०१५ ने उतरला, पण त्यापायी आणखी २० वॅट गेले, की पन्नास सेकंद मागे पडलात. मर्यादा इथे कुठेतरी आहे आणि ती ज्याची त्याची वेगळी.

सावलीतला
यात टिकण्याचा हिशेब कुठे आहे? ०.२३५ ची बैठक आहे, पण मान दुखते म्हणून पाचातलं एक मिनिट माणूस उठून बसतोय. बसल्यावर ०.३४. सरासरी काढा: ०.२३५ चे ऐंशी टक्के आणि ०.३४ चे वीस टक्के, झाले ०.२५६. जो ०.२५ वर मुकाट पडून राहिला तो पुढे. शिवाय उठता-बसताना लय तुटते ती वेगळीच.

वॅटमोजणी
बरोबर. माझ्या चौथ्या ओळीपेक्षा हे जास्त नेमकं आहे.

डोकंखाली
थोडा विरोध नोंदवतो. 'आराम आधी' म्हणत लोक पॅड इतके वर नेतात की एरोबार म्हणजे नुसती कोपरं टेकायची जागा होते. शरीर जुळवून घेतं. चार ते सहा आठवडे द्या, सुरुवातीला दहा मिनिटांचे दोन तुकडे, मग वाढवत वीस मिनिटांचे. पहिल्याच आठवड्यात पॉवर पडली म्हणून बैठक मोडीत काढू नका. स्पर्धेच्या तीव्रतेवरचा सराव स्पर्धेच्याच बैठकीत झाला पाहिजे. आठवडाभर हूड्सवर आणि रविवारी एरोबारवर असं केलं तर जुळणार काय?

पाणसळ
सहमत, पण जुळवून घेणं स्नायूंच्या बाबतीत ठीक. बधिरपणाच्या बाबतीत नाही. जांघेत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर ती 'सवय होईल' गटातली गोष्ट नाही, नस आणि रक्तवाहिनी दाबली जातेय. लगेच थांबून सॅडल बदला किंवा त्याचा कल बदला. हाताच्या करंगळीतल्या मुंग्यांचंही तेच. पॅड कोपराच्या आतल्या हाडाखाली आलाय, तिथूनच ती नस जाते.

तिरकीमान
सॅडलवर कुणीतरी सविस्तर लिहा. रोडचा चांगला आरामशीर सॅडल एरोबारवर शत्रू का होतो?

अर्धाअंश
कारण बसायची हाडंच बदलतात. हूड्सवर ओटीपोट सरळ असतं, वजन मागच्या दोन बैठकीच्या हाडांवर. एरोबारवर ओटीपोट पुढे कलतं आणि वजन पुढच्या बाजूला, जघनास्थीच्या दोन फांद्यांवर येतं. त्या पुढे एकमेकींच्या जवळ येत जातात. रोड सॅडलचं अरुंद नाक बरोबर त्यांच्या मधे, मऊ भागावर येतं. दुभंगलेल्या नाकाचा सॅडल मधे पोकळी ठेवून दोन फांद्यांना दोन पट्ट्यांवर टेकवतो. आयएसएम कंपनीच्या सॅडलसारखे सॅडल याच तत्त्वावर आहेत.

असा सॅडल बसवताना:

- आधी सपाट. पाणसळ सॅडलच्या पुढच्या अर्ध्या भागावर ठेवा, अख्ख्या सॅडलवर नको, मागचा भाग उचललेला असतो. मग नाक एक-दोन अंश खाली, फार तर तीन. त्याहून जास्त खाली केलं की घसरण सुरू, आणि घसरण थोपवायला खांदे आणि दंड कामाला लागतात. मान भरून येण्याचं निम्मं मूळ इथे असतं.
- पुढच्या दोन-तीन इंचांवरच बसायचं असतं. रोडच्या सवयीने मागे सरकलात तर पट्ट्या मांड्यांना आतून घासतात.
- गादी जास्त मऊ घेऊ नका. मऊ गादीत हाडं बुडतात आणि मधला भाग फुगून वर येतो, ज्याला वाचवायचं त्यालाच दाबतो.
- दोन पट्ट्यांमधली रुंदी बदलता येत असेल तर अरुंदकडून सुरुवात करा.

बायकांसाठी तत्त्व तेच, पण मऊ भागावरचा दाब पुढे जास्त येतो, म्हणून मधली पोकळी लांब आणि खोल हवी.

रिकामाबिडा
एवढं ज्ञान बुडाविषयी एका जागी पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

फिरतीकडी
क्रँकबद्दल कुणीच बोललं नाही. १७२.५ चे १६५ करा. पाय वर येतो तेव्हा साडेसात मिमी कमी वर येतो. खाली पाय पुरायला सॅडल साडेसात मिमी वर घ्यावा लागतो, म्हणून खुबाही तेवढा वर. एकूण १५ मिमीची मोकळीक मांडी आणि पोट यांच्यात. खुब्याचा कोन उघडायला इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

डोकंखाली
आणि जोर? लांब तरफ, जास्त टॉर्क.

फिरतीकडी
टॉर्क गिअरने भरून निघतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. क्रँक आखूड झाली की पायाचा वेग तोच ठेवून कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) थोडा वाढतो, एक दात हलका गिअर लागतो, संपलं. एकदम थांबून उठायचं असेल तेव्हा फरक जाणवतो, आणि टीटीत ते सुरुवातीला आणि वळणांनंतरच.

लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच: सॅडल साडेसात मिमी वर गेला म्हणजे पॅडचा उतारही तितकाच वाढला. काहीच खाली न करता तुम्ही खाली गेलात. मान आधीच कुरकुरत असेल तर पॅडखाली तेवढ्याच जाडीच्या चकत्या घाला.

उलटवारा
बैठकीवरून विषय निघालाच आहे तर अवांतर: १९८९ ची टूर द फ्रान्स. शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किमीची टाइम ट्रायल. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोरां फिन्योंच्या ५० सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनवाल्यांचा एरोबार लावून उतरला, ताशी ५४.५ किमीच्या सरासरीने गेला, आणि टूर ८ सेकंदांनी जिंकला. समोर फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, मागे शेंडी उडतेय. एका दांड्याने टूर फिरवली.

सावलीतला
दांड्याचं श्रेय मोठं आहेच. पण फिन्योंला तेव्हा सॅडलच्या जागी गळू झालं होतं, धड बसता येत नव्हतं. ते गणितात धरायचं की नाही? ८ सेकंद कशानेही भरतात.

उलटवारा
मान्य, हे विसरता येणार नाही. मग ओब्री घ्या. ग्रॅम ओब्रीने १७ जुलै १९९३ ला तासाचा विक्रम (एका तासात कापलेलं अंतर) केला, ५१.५९६ किमी. हात छातीखाली दुमडून, दंड बरगड्यांना चिकटवून. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) ती बैठक बंद केली. मग त्याने हात पूर्ण पुढे ताणलेली 'सुपरमॅन' बैठक काढली. तीच घेऊन ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये ५६.३७५ किमी मारले. तीही बंद. तो आकडा मागे टाकायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला, फिलिप्पो गान्ना, ५६.७९२, आणि तेही नेहमीच्या एरोबारवर.

रिकामाबिडा
छातीखाली हात दुमडून वळण कसं घ्यायचं हे ओब्रीने सांगितलं नाही वाटतं.

उलटवारा
व्हेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवर) वळणाचा उतारच वळवून घेतो. रस्त्यावर ती बैठक म्हणजे हाडवैद्याची सोय.

मिलिमीटर
परत गाडी रुळावर. पॅड आणि एक्स्टेन्शनबद्दल (एरोबारचे पुढे जाणारे, हातात धरायचे दांडे).

पॅड कोपराच्या टोकाखाली नको, त्याच्या तीन-चार सेमी पुढे, हाताच्या मांसल भागाखाली. बाजूने पाहिलं तर दंड साधारण उभा, कोपर खांद्याच्या खाली किंवा किंचित पुढे. धड आणि दंड यांच्यातला कोन ९० अंशांच्या आसपास. असं असलं की वजन हाडांवरून खाली उतरतं आणि स्नायू मोकळे राहतात. पॅड फार पुढे गेला की दंडाची मागची बाजू थरथरायला लागते, फार जवळ आला की खांदे कानाला लागतात आणि गुडघे कोपरांना.

एक्स्टेन्शन पूर्ण आडवी ठेवायची जुनी पद्धत सोडा. १० ते १५ अंश वर उचला. दोन फायदे. हात वर असले की कोपर पॅडमध्ये खोबणीत बसल्यासारखं अडकतं, पुढे घसरायला वावच राहत नाही. आणि मुठी चेहऱ्यासमोर आल्या की डोकं आणि छाती यांच्यामधल्या पोकळीत वारा कमी शिरतो. मुठी सैल. अंगठ्याची पांढरी नखं दिसली तर समजा पॅड चुकलेत.

डोकंखाली
हात वर केले की सगळ्यांचा सीडीए उतरतो असं नाही. काहींचा उलट चढतो.

मिलिमीटर
बरोबर. मी आरामासाठी आधी सुचवतोय, वेगाचा फायदा मोजून ठरवायचा. पॅडच्या रुंदीचंही तसंच. कोपरं एकमेकांना चिकटवली की पुढचं क्षेत्रफळ कमी होतं, पण काहींचे खांदे गोल होऊन वर येतात, श्वास छातीत अडकतो आणि वारा पोटावरून न जाता मांड्यांवर आदळतो. खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं आत, इथून सुरू करा आणि पाच-पाच मिमीने आत या.

तिरकीमान
मानेचं काय? पॅड वर घेतले तर वेग जाणार ना?

सावलीतला
कित्येकदा नाही जात. पॅड दोन सेमी वर घेतले की खांदे सैल पडतात आणि डोकं खांद्यांच्या मधे खाली बसतं. धड दोन सेमी वर, पण डोकं तीन सेमी खाली आणि पाठीच्या रेषेत. हेल्मेट हा समोरून सर्वांत आधी वारा खाणारा तुकडा, तो लपला तर पॅडचं नुकसान भरून निघतं. कासवासारखं डोकं आत ओढून घ्यायचं, खांदे कानाकडे न उचलता. हनुवटी मुठींच्या जवळ, नजर भुवयांखालून वर.

चष्म्याकडे बघा. वरच्या कडेला फ्रेम असलेला चष्मा नेमका नजरेच्या आड येतो, मग मान आणखी वर करावी लागते. वरून बिनफ्रेमचा चष्मा किंवा काच लावलेलं हेल्मेट घ्या. बैठकीत पडल्यावर मान न हलवता पुढचा रस्ता दिसत नसेल तर बैठक नापास, सीडीए कितीही असो. पॉवर मीटरकडे बघत उभ्या गाडीवर आदळण्याचे प्रकार होतात.

लांब शेपटीचं हेल्मेट घेतलंत तर एक अट: शेपटी पाठीला टेकलेली हवी. डोकं खाली घातलं की ती आकाशाकडे जाते आणि सगळा फायदा उलटतो. दमल्यावर डोकं खाली जाणाऱ्यांनी आखूड शेपटीचं घ्यावं.

ढांगटांग
खूप मिळालं, आभार. आता मोजायचं कसं? वाऱ्याचा बोगदा हाताशी नाही. समोरून फोटो काढून शरीराचे पिक्सेल मोजले तर?

वॅटमोजणी
फोटो क्षेत्रफळ सांगतो, आकाराचा गुणांक नाही. गोल खांदे आणि सपाट खांदे यांचं क्षेत्रफळ सारखं असून अवरोध वेगळा असू शकतो. तरीही ढोबळ तुलनेला चालेल. कॅमेरा निदान ५ मीटर लांब, झूम करून, उंची हँडलइतकी. जवळून काढला तर हात फुगतात आणि धड लपतं.

खरी चाचणी रस्त्यावर. रॉबर्ट चंग यांची आभासी चढणीची पद्धत: पॉवर, वेग, वजन आणि हवेची घनता यांवरून सॉफ्टवेअर रस्त्याची चढ-उतार काढतं. एकाच चकरेवर फेऱ्या मारल्यात तर प्रत्येक फेरीचा शेवट सुरुवातीच्याच उंचीवर यायला हवा. सीडीएचा आकडा हलवत राहा, आलेख जिथे सपाट जुळतो तो तुमचा सीडीए. गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय एरोलॅब नावाने आहे.

अटी सांगतो, कारण चाचणी फसते ती इथे:

- वेग चाकावरच्या सेन्सरवरून, जीपीएसवरून नको. टायरचा घेर वजन टाकून, रंगाची खूण करून, जमिनीवर मोजा.
- अशी चकरी निवडा जिथे ब्रेक लागत नाही आणि गाड्या नाहीत. शेजारून गेलेली एक ट्रक अख्खी फेरी बिघडवते.
- पहाटे, वारा पडलेला असताना.
- पॉवर मीटर गरम झाल्यावर शून्यावर आणा.
- एका वेळी एकच बदल. आणि क्रम जुनी-नवी-जुनी-नवी. नुसतं जुनी मग नवी केलंत तर ऊन चढल्याचा फायदा बैठकीच्या नावावर जमा होतो. १५ अंशांना समुद्रसपाटीची हवा १.२२५, ३० अंशांना १.१६५. पाच टक्के फरक.
- टायरची हवा दर वेळी तीच. घर्षण गुणांक ०.०००५ ने बदलला तर ताशी ४० किमीला साडेचार वॅट होतात, म्हणजे सीडीएमध्ये ०.००५ चा खोटा फरक. तुम्ही हँडल दोन सेमी हलवून तेवढंच शोधत असता.

०.००५ च्या आतले फरक दोन वेगळ्या दिवशी तसेच आले नाहीत तर विसरा.

तिरकीमान
ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बैठक बसवून मग रस्त्यावर गेलं तर?

अर्धाअंश
सॅडलची उंची, पॅडची जागा, बाजूने व्हिडिओ काढून कोन बघणं, यासाठी ट्रेनर उत्तम. पाय सर्वांत खाली असताना गुडघ्याचा वाक ३५ ते ४० अंश दिसला पाहिजे. सायकल पाणसळीत आहे ना ते आधी बघा, मागचं चाक उचललेलं असतं आणि पुढे ठोकळा नसला तर घसरण फुकटात मिळते. सॅडलच्या आरामाचा निकाल मात्र ट्रेनरवर लावू नका. तिथे सायकल डुलत नाही, माणूस उठत नाही, घाम जास्त. रस्त्यावर चांगला वाटणारा सॅडल ट्रेनरवर अर्ध्या तासात छळतो.

फिरतीकडी
नियमांखालच्या स्पर्धेला उतरणार असाल तर मोजपट्टी आधी काढा. यूसीआयने २०२३ पासून एक्स्टेन्शनची लांबी उंचीप्रमाणे ठरवली आहे. बीबीच्या उभ्या रेषेपासून टोकापर्यंत: उंची १८० सेमीच्या खाली असेल तर ८० सेमी, १८० ते १९० मध्ये ८३, त्याच्या वर ८५. पॅड आणि मुठींमधला उंचीचा फरकही तसाच, १०, १२, १४ सेमी. एक्स्टेन्शन नसलेल्या हँडलवर कोपरं टेकून जाणं मात्र एप्रिल २०२१ पासून बंद.

उलटवारा
सॅडल पुढे, पॅडवर कोपरं, सगळं वजन पुढच्या चाकावर. रोड बाइकचा पुढचा भाग यासाठी बांधलेला नाही, हँडल चटपटीत होतं. वळणाआधी हात मूळ दांडीवर आणा, ब्रेक तिथेच आहेत. खोल रिमचं पुढचं चाक या सेटअपवर पहिल्याच दिवशी लावू नका. आडवा वारा आला की कळेल.

ढांगटांग
एवढं सगळं एकदम हलवलं तर काय कशामुळे झालं ते कळणार नाही. क्रम असा धरतोय: सरळ सीटपोस्ट, सॅडल चार सेमी पुढे आणि बारा मिमी वर, एक्स्टेन्शन बारा अंश. स्टेम ९० चा घेऊ का, की आहे तो राहू दे?

पाणसळ
स्टेमला हात लावू नका. सॅडल चार सेमी पुढे आल्यावर पॅडही चार सेमी जवळ आले. आत्ता जी ताण वाटतेय ती बहुतेक त्यातच संपेल. ९० चा घातलात तर कोंडल्यासारखं होईल. उतार मात्र बारा मिमीने वाढून १३ च्या पुढे जाईल, तेव्हा पॅडखाली दीड-दोन सेमीच्या चकत्या घालून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक काढा. मान बोलली की थांबा, एक चकती परत घाला. तीच तुमची मर्यादा. क्रँक नंतर, पॉवर तरीही पडत असेल तर.

हलवण्याआधी आत्ताची मापं लिहून ठेवा: सॅडलची उंची, बसायच्या रेघेपासून बीबीच्या ओळंब्यापर्यंत, बसायच्या रेघेपासून पॅडच्या मागच्या कडेपर्यंत, उतार, पॅडमधलं अंतर, एक्स्टेन्शनची लांबी. सीटपोस्टवर टेपची खूण.

डोकंखाली
आणि जर्सी? झोळ असलेली जर्सी घालून पाच मिमीच्या चकत्या मोजण्यात अर्थ नाही. अंगाला चिकटलेला स्किनसूट, खांद्यावर एकही सुरकुती नको. सुरकुती उभं राहून नाही, बैठकीत पडून बघायची. पाठीवरचा स्पर्धेचा नंबर चार कोपऱ्यांना पिना लावून फडफडत ठेवू नका, कडेने आठ-दहा पिना किंवा चिकट फवारा.

मिलिमीटर
क्लिप-ऑन लावणाऱ्यांसाठी राहिलेली गोष्ट. कार्बनचा हँडलबार असेल तर त्यावर क्लिप-ऑन चालतात का हे निर्मात्याच्या माहितीत बघा, सगळे त्यासाठी केलेले नसतात. चालत असतील तर क्लॅम्प जाड भागावरच, कार्बन पेस्ट (घसरू न देणारा खरखरीत लेप) लावून, टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), क्लॅम्पवर कोरलेल्या आकड्याइतकंच. बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन मीटर असतो. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

आवळून झालं की क्लॅम्पच्या कडेला हँडलवर मार्करने एक बारीक रेघ मारा. खड्ड्यातून गेल्यावर पॅड दोन मिमी खाली फिरले तर डोळ्याला दिसत नाही, मान दुखल्यावर कळतं. रेघ सरकलेली दिसली की नुसतं अजून आवळू नका. क्लॅम्प काढा, ग्रीस लागलंय का बघा, पुसा, पेस्ट लावा आणि त्याच आकड्याला परत आवळा.